तळघरातली उधारी

केल्डरविकला मंगळवारी बाजार भरतो,
म्हणजे आता चीजचे दोन ठेले, मोजे विकणारा एक
आणि रोपांची गाडी, तीही पाऊस नसला तर.
पूर्वी मेंढरांमुळे रस्ता दिसत नसे म्हणतात.
चौकाभोवती सात सराया होत्या.
एकीत आता बँक, एकीत दाताचा दवाखाना,
एक जळाली, तिची नुसती कमान उभी.
कमानीच्या पायाशी दोन दगड,
घोडागाडीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून रोवलेले,
चाकांनी खाल्लेले, म्हाताऱ्या दाढांसारखे.

चालू अशी एकच उरली : 'पांढरं हरीण'.
पाटीवरचं हरीण दर वीस वर्षांनी रंगवतात
आणि दर वेळी ते थोडं अधिक कुत्र्यासारखं दिसतं,
असं विनिफ्रेड ऑल्डकॉट म्हणते. सराई तिची.
तिच्या आधी मावशीची, मावशीच्या आधी कुणाची ते फळ्यावर आहे,
सोनेरी अक्षरांत, शेवटची दोन नावं घाईत लिहिलेली.

तळघरात पाणी झिरपायला लागलं म्हणून फरशी उकरली,
तर फरशीखाली फरशी निघाली.

मग रोवेना हेस्केथ आली, गुडघ्यांना गाद्या बांधून,
खुरपी, दोऱ्या, बादल्या आणि सहा आठवड्यांची परवानगी घेऊन.
मी वरच्या खोलीत उतरलो होतो, तीन दिवसांपुरता.
तिनं माझ्या हातात टूथब्रश दिला. मी राहिलो.

खापरं धुतली. कालवांच्या शिंपल्या धुतल्या,
समुद्र इथून सत्तर मैल.
हाडाचा एक फासा, एका बाजूला आत शिसं भरलेलं.
रोवेना इतकी हसली की मला शिडी धरावी लागली.
"हीसुद्धा सराईच," ती म्हणाली, "फक्त लॅटिन बोलणारी."

दोन फरश्यांच्या मधे हातभर थर,
काळा, मऊ, तोंड न उघडणारा.
छप्पर बसलं, माणसं गेली, गवत आलं, डुकरं आली,
चार-पाचशे वर्षांचा मुक्काम, जाडी एक हात.
आमच्याकडे शेताला काळी म्हणतात, वस्तीला पांढरी.
इथं वस्ती उठून गेली तीच माती काळी.
मी तिला हे सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं,
स्पेलिंग विचारून, तारीख घालून,
जणू तेही त्या थरातच सापडलं होतं.

रोज सहाला एमॉस थर्कल खड्ड्यात डोकावायचा,
"निघाला का माझा पणजोबा?"
मेंढरांचा लिलाव पुकारणारा गावातला शेवटचा माणूस,
साधं बोलतानाही आवाज बोलीसारखा चढत जायचा.
त्याचा मग खुंटीवर, कानाला निळा दोरा.
उधारी वर्षाअखेरीस, ही त्याची जुनी रीत.

एका पेल्याच्या तुकड्यावर रेघा निघाल्या,
सहा उभ्या, सातवी अर्धी.
हिशेब असावा, रोवेना म्हणाली, नक्की सांगता येत नाही.
"न सांगायला काय झालं," एमॉस म्हणाला,
"साडेसहा पेले पिऊन कुणीतरी न देता गेला."
आता हे खापर फोडायचं कुणाच्या माथी?
"माझ्या नावावर मांड."
आणि विनिफ्रेडनं पाटीवर खरोखर रेघा ओढल्या,
सातवी अर्धी.

तो पाचव्या आठवड्यात गेला, झोपेत,
मंगळवारचा बाजार करून.

सहाव्यात पैसे संपले. खड्डा बुजवायचा.
बुजवण्याआधी तळाशी चालू सालचं नाणं ठेवतात हे लोक,
पुढं कुणी खणलंच तर त्याला कळावं,
इथवर आधी कुणी येऊन गेलंय.
रोवेनानं एक पेनी ठेवली.
मग विनिफ्रेड शिडी उतरून आली, एप्रनखाली काहीतरी धरून.
रोवेना पाठ वळवून
बराच वेळ मोजपट्टी गुंडाळत राहिली.

मला दिसला तो निळा दोरा.
मग सरळ ठेवलेला, तोंड वर,
गिऱ्हाइकापुढं ठेवतात तसा.

वाळू पडली. माती पडली. वर नवी फरशी, अगदी कोरडी.

पाटी अजून गल्ल्यामागं आहे. एमॉसच्या नावापुढं
त्याच्या अकरा, आणि त्या साडेसहा.
विनिफ्रेड पुसत नाही.
वर्षाअखेर लांब आहे, म्हणते.