शेरा

सोलापूरहून अर्ज आलाय, चार पानी.
चित्रीकरणयोग्य स्थळांची माहिती शनिवारपर्यंत कळवावी.
ग्रामसेवक रजेवर, म्हणून मी भरतोय,
मी, रेवणसिद्ध बिराजदार,
दाखले काढणारा, प्रिंटरला चापट मारून चालवणारा.

गावाचं नाव : हिवरतळे.
किल्ला आहे काय? धबधबा? लेणी? समुद्रकिनारा?
समुद्रापुढंही चौकोन छापलाय कुणीतरी, मोठ्या मनानं.
नाही, नाही, नाही लिहीत खाली येतो
आणि खिडकीतून माळ दिसतो.
माळासाठी चौकोनच नाही.

दोन वर्षांमागं मात्र माळासाठीच आले होते ते.
अकरा गाड्या, एक जनरेटर,
आणि सांगलीकडून ट्रकमध्ये बसून आलेले चार उंट.
त्यांना हवं होतं वाळवंट, पण स्वस्तातलं,
रात्री मुक्कामाला सोलापूर गाठता येईल असं.
कॅमेऱ्यावाला दुपारी बारा वाजता डोळ्यांवर हात धरून म्हणाला,
एवढा उजेड! आणि याला भाडं नाही?
इरण्णा म्हणाला, आहे की ओ,
चार महिने डोकं दुखतंय.

नऊ दिवस आम्ही राजस्थानात होतो.
एसटीचा थांबा ताडपत्रीखाली झाकला,
गौराक्काची पुढची भिंत निळी केली,
तेवढीच, कॅमेऱ्याला दिसेल तेवढी.
मैनुद्दीनची बोर उंटांनी शेंड्यापर्यंत ओरबाडली,
त्याला आठशे रुपये मिळाले आणि एक टोपी.
मी पाठमोरा चाललो, डोक्याला पागोटं,
सहा वेळा, कारण पाचही वेळा मागं वळून बघितलं.
आणि फाट्यावरच्या मैलाच्या दगडावर
एका पोरानं सुबक अक्षरांत लिहिलं
जैसलमेर, ४२.

गेले. ताडपत्री नेली, निळा रंग राहिला.
दगडही तसाच.
कर्नाटकातला एक ट्रकवाला रात्री दीड वाजता
दगडापुढं उभा राहून मालकाला फोनवर म्हणत होता,
झोपलो नाही हो मी, शपथ घेतो.

सिनेमा लागला तेव्हा दोन टेम्पो भरून गेलो.
अंधारात माळ आला, आमच्या घरांहून मोठा,
वाऱ्यानं वाळलेलं कुसळ हललं
आणि कुणीच काही बोललं नाही.
रोज बघतो आम्ही तो, शेरडं मागं घेऊन,
पण असा, बसून, कधी बघितलाच नव्हता.
मग मैनुद्दीनचा धाकटा ओरडला, अब्बा, बोर! आपली बोर!
मागचा माणूस म्हणाला, गप की बे.
माझी पाठ चार सेकंद होती.
आईनं ती चालीवरून ओळखली.
शेवटी नावं वर वर सरकत गेली,
उंटवाल्याचं आलं, चहावाल्याचं आलं,
आमचं येईल म्हणून दिवे लागेपर्यंत बसलो.

आता रविवारी कुणी कुणी येतं.
पुण्याचं एक जोडपं आलं, जैसलमेरला टेकून फोटो काढला,
मग गौराक्काला विचारलं, नायिकेचं घर कुठलं?
ती निळ्या भिंतीत उभी होती, हातात थापता उंडा.
म्हणाली, नायिका शूटिंगपुरती होती,
घर माझं आहे. जेवणार का?
कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वांग्याची भाजी.
पैसे घ्यायला लाजली. बाईनं ताटाखाली ठेवले.
पुढच्या रविवारी गौराक्कानं चार ताटं जास्तीची घासली,
आणि मला म्हणाली, रेवण्या, पाटी लिहून दे,
रंग मात्र निळाच घे, उरलाय डब्यात.

तेव्हा लिहितो :
उजेड, भरपूर. वारा, दुपारनंतर.
शांतता आहे, पण माळढोक दिसला तर
गाड्या लांब ठेवाव्या लागतील, कबूल असेल तर या.
जेवणाची सोय, गौराक्का, आधी फोन करावा.
बोरीला नवी पालवी आहे, उंट आणू नयेत.
पाठमोरा चालणारा मनुष्य, उपलब्ध.

शेवटी राहतो एक चौकोन, शेरा.
पेन चावत बसतो बराच वेळ.
काल पोरांनी दगडावरचा रंग नखानं खरवडला,
ज आणि स यांच्या मधून
आमचा जुना हि डोकावतोय.

दगडाला तीन बाजू असतात, साहेब.
रस्त्याकडची तुम्ही घ्या.