चौथा फेरा

पोतीच्या बंदरातून जर्मन माल येतो, तिथल्या लोकांनी परत केलेला.
खोक्यावर कुणीतरी लाल पेनने लिहिलेलं असतं: बिघाड.
कसला, ते नाही. ते आम्ही शोधायचं.
कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळच्या या गाळ्यात
जेमाली स्क्रू काढतो, आणि जोडून झालं की
मी छापून बघते.

हा फोटोप्रिंटर या महिन्यातला सातवा.
आत आधीच्या मालकाची रिबन तशीच,
छत्तीसपैकी एकतीस फोटो काढून झालेली.
ती उजेडात धरायची नाही, हा जेमालीचा नियम,
कारण छापलेलं सगळं त्या रिबनीत मागे उरतं,
उलटं, रंगारंगाने सुटं:
पिवळ्यात एक बाळ, मग किरमिजीत तेच बाळ, मग निळ्यात.
केकवर मेणबत्ती एकच, ती तीनदा.
मी नियम मोडते. दर वेळी मोडते.
मग कात्री घेते.

नवी रिबन. खटका बसला.
कागद नुकत्या लाटलेल्या पापडासारखा, अलगद, कडेने.
आणि माझी ती नेहमीची फाइल:
मेराब, माझा भाऊ, बसस्टँडवर,
पांढरा शर्ट, काळी बॅग, मागे सिमेंटची भिंत.
पांढरं पांढरं येतं का, काळ्यात शिवण दिसते का,
करडं करडंच राहतं की हिरवट पडतं,
सगळी परीक्षा एकाच फोटोत होते.
म्हणून हा निवडला, असं मी सांगते.

कागद आत गेला, बाहेर आला: पिवळा मेराब.
कावीळ झाल्यासारखा. नववीत झालीही होती,
महिनाभर उकडलेले बटाटे खाल्ले त्याने, आणि आम्ही सगळ्यांनी.
परत आत. किरमिजी चढली, आता तो भांडून आल्यासारखा.
परत आत. निळा उतरला
आणि शर्टाचा शर्ट झाला, भिंतीची भिंत झाली,
डोळ्यांना बुबुळं आली.
चौथा फेरा बिनरंगी.
नुसतं एक पांघरूण, पाण्यासाठी, बोटांसाठी, उन्हासाठी.
दिसत काहीच नाही,
पण हा फेरा चुकला तर दोन वर्षांत माणूस उडून जातो.

कपाळापासून बॅगेच्या बंदापर्यंत केसाएवढी पांढरी रेघ.
जेमालीने हेड पुसलं, स्पिरिटने,
द्राक्षाच्या दारूने पुसू का असं आधी विचारून.
हा विनोद सातव्यांदा.
दुसऱ्या फोटोत रेघ गेली, गाल गुलाबी झाले.
तिसऱ्यात डोकं वरून कापलं, कागद तिरका बसला होता, चूक माझी.
चौथा बरा. तरी पाचवा काढला.

बाद झालेले मी टाकत नाही.
खणात चाळीसएक मेराब आहेत,
एक हिरवा, एक पट्ट्यापट्ट्यांचा,
एक वीज गेल्यामुळे गळ्यापर्यंतच.
खरा व्रोत्सवाफमध्ये लोकांच्या न्हाणीघरांत टाइल्स बसवतो.
फोनवर रंग कळत नाही.
बरा आहे म्हणतो.

दुपारी त्स्काल्तुबोहून गुलिको आली,
पासपोर्टचे फोटो काढते, तिच्याकडे हल्ली रांग असते.
'चालतो ना नीट?'
मी पाचवा फोटो पुढे केला.
तिने तो खिडकीशी नेला, तिरका केला, नखाने कोपरा खरवडला,
धंद्यातली बाई.
'कोण हा?'
'करडा बरोबर आलाय का ते बघ.'
तिने बघितलं. बराच वेळ बघितलं.
'आलाय,' म्हणाली.
'आदल्या रात्री झोपला नव्हता वाटतं.'

मी पाच लारी कमी केले.
तीन महिन्यांची हमी, पावतीवर शिक्का.
फोटो खोक्यात नमुना म्हणून राहू दे म्हणाली.
नाही म्हटलं,
आणि तिच्यासमोरच दुसरा छापायला घेतला,
नळाजवळच्या मांजराचा.