गव्हाळ

आबांच्या दुकानात मी जर्सीवर नावं चिकटवते,
खासबागेच्या मागं, बोळातलं दुसरं शटर.
अक्षर कापायचं, सरळ बसवायचं,
वरनं तापलेली प्लेट, पंधरा सेकंद.
बास. माणूस तयार.

सीझनच्या तोंडाला तो आला,
तालमीनं मागवलेला, नऊ नंबर.
पेठेनं आधीच ठरवलेलं : नायजेरियन.
"नो," म्हणाला, "कोलंबिया."
"तेच की," म्हणाला चहावाला बंडा,
"नायजेरियातलं कोलंबिया."

चिठ्ठीवर नाव : येइलर कराबाली.
त्याचं इंग्रजी लंगडं, माझंही,
एकमेकांना धरून बरं चाललं.
म्हणाला, आडनाव नव्हे हे, बंदर आहे.
जिथनं जहाजात भरलं
त्या बंदराचं नाव विकणाऱ्यानं माणसाला लावलं,
मार्केट यार्डात गुळाच्या रव्यावर
गावाची चिठ्ठी लावतात तसं.
मग उतरवलं थेट उसात.

खोलीतला जोडीदार एफिओंग, तो खरा नायजेरियाचा,
ऐकून हसत कॉटवर लोळला म्हणे :
"कलाबार? अरे, माझी आई तिथं मासळी विकते!
माझं गाव घेऊन फिरतोस पाठीवर.
पण तू आमच्यातला न्हाईस गड्या,
तू स्पॅनिश."

म्हणजे बघा,
गावात मोरेनो. शेजारच्या मोठ्या शहरात नेग्रो
(त्या शहराचं नाव काली, शपथ).
इथं नायजेरियन,
आणि नायजेरियनाला स्पॅनिश.
एवढी माणसं एका मीडियम जर्सीत.

आणि आजी?
आजी म्हणायची, काळे कुठले रे आपण,
आपण त्रिगेन्यो.
त्रिगो म्हणजे काय, मी विचारलं.
त्यानं बोटांनी कणीक मळून दाखवली.
गहू.

माझी कात्री थांबली.
बायोडाटा, तिसरी ओळ, उंचीच्या खाली :
वर्ण गव्हाळ.
सांगवडेकर मामींच्या वळणदार अक्षरात.
मी कसली गव्हाळ! तव्याचं बूड.
आबांना ठाऊक, मामींना ठाऊक,
पोहे खाऊन 'कळवतो' म्हणालेल्या सात घरांना ठाऊक.
दोन म्हाताऱ्या, मधे दोन समुद्र,
दोघींना गहूच कसा सुचला?
त्यांच्या शिवारात गहू नाही, ऊस.
आमच्याही, ऊसच.

डब्यातला गुळाचा खडा दिला त्याला.
जिभेवर धरून बराच वेळ गप्प.
पनेला, म्हणाला. पनेला.
पाण्यात उकळून आजी सकाळी द्यायची,
भाकरी नसली त्या दिवशी.

मी लगेच 'आपण सारखेच' म्हणणार होते.
नाही म्हटलं.
मला नुसते नकार आले.
त्याला नाव आलं.

त्यानं सांगितलं म्हणून देवनागरीत छापलं.
शाहू स्टेडियमवर एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून वाचलं,
"करा... बाली? कराडचा काय रं ह्यो?"
आणि सगळा स्टँड उठून :
"काळ्या, मार! मार की काळ्या!"
त्यानं मारला. बारला लागून आत.
नंतर विचारलं, काळ्या, प्रेमानं म्हणतात ना?
प्रेमानंच, म्हटलं मी.
पण गोलकीपर सदा एवढा गोरापान,
त्याला प्रेमानं कुणी गोऱ्या म्हणत नाही.
तो हसला. मग हसायचा थांबला.

मे महिन्यात गेला. पुढच्या वर्षीचं नक्की नाही.
उरलेल्या शीटवर कराबालीची भोकं आहेत,
अक्षरं निघाल्यावर राहतात तशी.
त्याच्या खालच्या कोऱ्या जागेत
परवा, दुकानात कुणी नसताना,
मी दोन अक्षरं कापली :
काळी.

मामींचा फोन येतोय, नवं स्थळ, इचलकरंजीचं.
अक्षरं ड्रॉवरमध्ये आहेत.
अजून मागचा कागद काढलेला नाही.