सुटला, सोडला

क्राइन योब्से, वय त्र्याहत्तर.
ओला कोट अंगात ठेवूनच बसला.
खिशातून पेपरमिंट काढून एक माझ्यासमोर ठेवली,
माझ्या बापाच्या प्रवचनाआधी
बाकावरून बाकावर सरकत यायची, तशी.
झीलंडच्या या बेटावर मी अजून मानसतज्ज्ञ नाही,
पाळकाची मुलगी आहे.

माणूस मुळातच वाकडा,
बाप दर रविवारी दोनदा सांगायचा
आणि घरी येऊन कोंबड्यांना
एकेकीचं नाव घेऊन बोलवायचा.
मी लायडनला शिकून आले:
माणूस वाकडा नसतो, वाकवलेला असतो.
यावर आम्ही दोघं
बटाटे सोलता सोलता वीस वर्षं भांडलो.

क्राइन सांगत होता.
त्रेपन्न साल, बांध फुटलेली रात्र.
कौलांवर दोघे भाऊ, अकरा आणि सहा.
"रिनूसचा हात माझ्या हातात होता."
"आणि मग सुटला," मी म्हणाले,
शिकून घेतलेल्या मऊ आवाजात.
"सुटला नाही. सोडला."

मी थंडीबद्दल बोलले, बधिर बोटांबद्दल,
अकरा वर्षांच्या मुलाबद्दल.
हवामानाच्या बातम्या ऐकाव्यात
तसा तो मान हलवत राहिला.
"तुझ्या बापालाही सांगितलं होतं. शेताच्या कडेला.
म्हणाला, क्राइन, आपण सगळेच पापी.
सगळेच!
सगळे काय त्या कौलांवर होते?"

मी फायलीत लिहिलं: अपराधगंड.
त्यानं ते उलट्या बाजूनं वाचलं,
माझ्याच हातातलं पेन घेतलं
आणि 'गंड' खोडला.
"हा तुझा," म्हणाला. "उरलेला माझा."

बाहेर पाऊस नव्हता, नुसता वारा,
काचेला मीठ आणून लावणारा.
काय बोलायचं ते लायडनला शिकवलं नव्हतं,
व्यासपीठावरूनही कधी ऐकलं नव्हतं.
मी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं:
"क्राइन, तू सोडलास."

बराच वेळ काही नाही.
मग तो उठला, कोट काढला, खुंटीला लावला,
आणि सांगू लागला,
रिनूसला शिट्टी वाजवता यायची नाही,
तरी तो दिवसभर फुंकत बसायचा.

हे बरं होणं की कबुली,
कुठल्या रकान्यात भरू?
बाप असता तर पुन्हा भांडलो असतो.
पेपरमिंट तोंडात टाकली.
कोटाखाली फरशीवर
पाणी साचत होतं, थेंबाथेंबानं.
आम्ही दोघंही पुसायला उठलो नाही.