ओजाचार

आमच्याकडे ओजाचार दिसला,
म्हणजे धुराडी झाडणारा, काजळीनं माखलेला, खांद्यावर शिडी,
की लोक पटकन अंगावरचं एखादं बटण धरतात.
शकुन म्हणून. आई कोटाचं धरायची,
कोट नसला तर माझ्या फ्रॉकचं.

चौऱ्याऐंशी साली तो आमच्या घरी रेडिओवरून आला.
खरंच. शनिवारी रात्री निवेदक म्हणायचा, टेप तयार ठेवा,
आणि मग चार मिनिटं नुसती किरकिर,
रातकिड्यांची भाऊबंदकी चालल्यासारखी.
ती किरकिर म्हणजेच खेळ:
वीस मजले, शिड्या, कावळे,
आणि आठ ठिपके रुंद एक माणूस.

ग्रादिमिर रेडिओच्या तोंडाशी माइक धरून, श्वास रोखून.
मी दारात पहाऱ्याला. कुणी खोकायचं नाही.
तिसऱ्या मिनिटाला आईनं स्वयंपाकघरात
कॉफी दळायचं यंत्र लावलं.
क्षणभरच. मी ओरडले, तिनं बंद केलं.
खेळ तरीही चालू झाला. आम्ही नाचलो.

अकराव्या मजल्यावर छपराची एक वीट नव्हती.
उडी एक ठिपका अलीकडे संपायची.
दोन वर्षं.
ग्रादिमिरच्या अंगठ्याला घट्टा पडला.
काहीतरी युक्ती असणार, तो म्हणायचा,
बनवणारा काय वेडा होता?
मग तो सैन्यात गेला, मग देशच राहिला नाही,
मग तो माल्मोला गेला.

आता मी बावन्न वर्षांची.
दिवसा झ्रेन्यानिनमधल्या लोकांच्या कवळ्या घडवते,
रात्री हा खेळ. नव्यानं, पहिल्या ठिपक्यापासून.
कुणी मागितलेला नाही. नवरा विचारतो,
पूर्ण झाल्यावर काय करणार?
मी म्हणते, झोपणार.

आधी उडीला खरं गुरुत्वाकर्षण दिलं, शाळेतलं.
छान गोल उडी आली, उशीवर पडल्यासारखी.
बोटं म्हणाली, हा तो नव्हे.
मग माळ्यावरचं जुनं यंत्र काढलं, पडद्याचं चित्रण केलं,
आणि कवळीचा दात घासावा तसं एकेक चित्र तपासत मोजलं:
वर चार, चार, तीन, तीन, दोन, एक,
शून्य, शून्य,
खाली एक, दोन, तीन.
त्याच्या जगात गुरुत्वाकर्षण नव्हतंच.
होती आकड्यांची एक यादी, कुणीतरी हातानं लिहिलेली,
आणि मधली ती दोन शून्यं,
जिथं तो हवेत जरा विचार करतो.

फेब्रुवारीत व्र्शात्सच्या एका निवृत्त मास्तरांची,
तिहोमिर बुगार्स्कींची, कॅसेट हाती आली.
तोच शनिवार, तोच रेडिओ.
त्यांच्या अकराव्या मजल्यावर वीट होती.
जागच्या जागी, लाल, कंटाळवाणी.
दोन सेकंदही लागले नाहीत.

बराच वेळ तशीच बसून राहिले.
म्हणजे दोन वर्षं आम्ही
आईच्या कॉफीवरून खाली पडत होतो.
ती जाऊन नऊ वर्षं झाली. सांगणार कुणाला?

वीट घातली. मास्तरांच्या कॅसेटबरहुकूम.
अकरा मजले ग्रादिमिरला पाठवले.
वाढदिवसालाही दोन शब्दांवर न जाणारा माणूस,
तिसऱ्या दिवशी त्याचं उत्तर:
अकरावा मजला चुकलाय.
तिथं वीट नसते.

मी कॅसेटचं सांगणार होते, यंत्राचंही.
लिहिलं, खोडलं.
मग फाइल उघडून एक आकडा पुसला,
फक्त त्याच्या प्रतीतला.

रविवारी त्याचा फोन आला. बोलणं नाही,
नुसती कळ दाबल्याची टकटक.
पडलास?
पडलो.
पुन्हा टकटक.
माझा हात स्वेटरच्या बटणावर कधी गेला, कळलंच नाही.

बाराव्या मजल्यावरचे कावळे अजून नीट उडत नाहीत,
पंख हलतात, पण जागचे हलत नाहीत.
मास्तर घाई करतात. भाऊ करत नाही.
त्याच्या प्रतीत तिथवर
पोचतंय कोण?