पाच वाजून दहा मिनिटं

शेवाळे भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवतात.
"शाळा पाचला सुटते ना, बाई?
मग पाच दहाला टाकीवर काय काम होतं?"
मी सांगायला लागते. ते लिहीत नाहीत.
रकाना एवढासाच आहे:
कर्तव्यावर होते / नव्हते.
नको ते खोडा.

जिल्हा परिषदेचा जिना एकतीस पायऱ्यांचा.
टाचेचं हाड फुटल्यापासून
मी इमारती पायऱ्यांवरून ओळखते.
सिव्हिलला उतार आहे.
बँकेला चारच, पण धरायला कठडा नाही.

टाकीत काय होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

"बाई, पाण्याला वास येतोय," जयवंती म्हणाली होती,
दप्तर पाठीवर, एक पाय दाराबाहेर.
उद्या बघू म्हटलं असतं
तर उद्या साडेदहाला छत्तीस पोरं
तेच पाणी प्यायली असती.
शिडी बांबूची, मी सत्तेचाळीसची.
आत खार होती. फुगलेली.
शेपूट तेवढी अजून खारीची.
तिला बाहेर काढून खाली टाकली
आणि मागोमाग मीही.

दिंडोरीला द्राक्षाचे मजूर सोडून आलेली पिकअप
हरसूल रस्त्यानं मला नाशिकला घेऊन आली.
ड्रायव्हरनं पैसे घेतले नाहीत, नाव सांगितलं नाही.
म्हणून पावती नाही.
पावती नाही
म्हणून तो प्रवास झालेला नाही.

आधी परिवर्तित रजा. ती संपली, मग अर्धवेतनी.
"पगार बाईंना अर्धा पगार!"
भाऊसाहेबांसोबत अख्खं टेबल हसलं.
मीही हसले.
आडनाव सासरचं आहे,
लग्नात तरी पूर्ण मिळालं होतं.

"नुकसानभरपाईला मुख्याध्यापकांचा दाखला जोडा."
प्रभारी मुख्याध्यापक मीच आहे, साहेब.
"मग चालणार नाही.
स्वतःच्या पडण्यावर स्वतःची सही कशी चालेल?"
धूम सर त्या दिवशी मतदारयादी घेऊन पाड्यावर होते.
खिचडीवाल्या यमुनामावशी दोनलाच घरी गेल्या होत्या.
पोरांचे आईबाप द्राक्षांच्या बागांत.
राहिली एक प्रत्यक्षदर्शी,
वय वर्षं नऊ.

रुजू झाले त्या दिवशी
टेबलावर वह्यांचा गठ्ठा तसाच होता.
निबंध: माझी शाळा.
वर पडल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, गोल गोल आकड्यांत.
"सुट्टी झाली होती. बाई टाकीत बगत होत्या.
मंग बाई दिसल्या नाही."
मी 'बगत'खाली लाल रेघ मारली, वर 'बघत' लिहिलं,
'मंग'वरचा टिंब खोडला,
दहापैकी सात दिले.
आणि मग वाचलं.

वही घेऊन पुन्हा एकतीस पायऱ्या.
भाऊसाहेबांनी दोनदा वाचलं,
चष्मा कपाळावरून खाली घेऊन.
"पोरीनं लिहिलंय छान," म्हणाले.
बराच वेळ पान बोटाखाली धरून बसले.
"पण खाडाखोड आहे, बाई.
आणि हे पहिलंच वाक्य...
ते तर तुमच्याच विरोधात जातंय."
ते वाक्य मात्र शुद्ध होतं.
तिथे माझी रेघ नव्हती.

फाईल कपाटात आहे.
थंडी पडली की टाच आधी सांगते.
शिडी मी तारेनं बांधून घेतली, माझ्याच खर्चानं,
त्याची पावती आहे.
टाकी अजूनही रोज बघते.
फक्त आता पावणेपाचला.
जयवंतीला शिडीपासून लांब, पायरीवर उभं करते,
भिंतीवरचं घड्याळ तिथून दिसतं.
मी झाकण उचलून आत वाकते
आणि ती खालून ओरडते,
"बाई, अजून बारा मिनिटं आहेत!"