उलटी बटणं

ओर्फाआत्या नव्याण्णवाव्या वर्षी गेली.
घर रिकामं करायला आम्ही तिघं:
मी, व्हर्लिन, आणि त्याची अबोल बायको.
बाहेर ओहायो नदी फुगलेली, गढूळ,
आत कपाटांना देवदाराचा वास.

शिवणाच्या डब्यात, खडूच्या तुकड्यांखाली
तो निघाला. पत्र्यावरचा माणूस.
पत्त्याएवढा, एक कोपरा कातरलेला,
कडेला गंजाची खपली.

व्हर्लिनने फ्रिजवरचं चुंबक आणून पाठीला लावलं.
टक्.
"लोखंड आहे," म्हणाला. "म्हणायचं टिनटाइप,
आणि टिनचा पत्ता नाही. नावापासूनच खोटं."

असाहेल स्ट्राउड. आत्याचे आजोबा.
मानेमागे फोटोवाल्याचा चिमटा असणार,
दिसत नाही, पण हनुवटी सांगते.
गालांवर कुणीतरी नंतर बोट फिरवून लावलेला गुलाबी.
बाकी सगळा वॉर्निशचा काळोख.
उजवी बाही मनगटापाशी दुमडून टाचलेली.
डावा हात मांडीवर, उताणा, थोराड,
गिरणीच्या करवतीने ठेवला तो.

दुसरीत मिस ओग्लव्हीने
माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात कोंबली,
तेव्हा आत्या, गळ्यात टेप तशीच,
चालत शाळेत गेली
आणि हा पत्रा टेबलावर ठेवला.
"ह्याने डाव्या हाताने गिरणी चालवली," म्हणाली,
"अकरा पोरांची नावं बायबलात लिहिली.
मुलगी त्याच्यावर गेलीय."

माझ्या पेन्सिलीला पुन्हा कुणी हात लावला नाही.

साठ वर्षं मी त्याच्यावर गेलेली आहे.
पाव कापताना. चेकवर सही करताना.
स्टेशनवर नवऱ्याला हात हलवताना, शेवटचा.

व्हर्लिनची बायको वाकून बघत होती.
"कोटाची बटणं," म्हणाली, "बाईच्या बाजूला आहेत."

कुणी काही बोललं नाही.
मी न्हाणीघरात गेले, दिवा लावला,
पत्रा आरशासमोर धरला.
ह्याला निगेटिव्ह नसतं ना,
माणूस जसा भिंगातून आला तसाच राहतो, उलटा,
म्हणजे स्वतःला तो जसा दाढी करताना दिसे, तसा.
आरशात असाहेल सरळ झाला.
बटणं पुरुषाची.
मांडीवर उजवा हात.

आत्याने चाळीस वर्षं
तीन गावांतल्या पुरुषांचे कोट शिवले.
काज कुठे, बटण कुठे,
वीज गेली तरी तिचं बोट चुकत नसे.
आणि हा पत्रा
रोज उघडायच्या डब्यात होता.

खाली व्हर्लिन वाटणीची यादी करत होता.
"फोटो, गंजका, एक. कुणाला?"
"मला," म्हटलं,
आणि यादीवर सही केली.
शाई नेहमीसारखीच
करंगळीखाली फासली गेली.